ॲन अनअर्थली चाइल्ड

‘ॲन अनअर्थली चाइल्ड’ हा ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग आहे. तो २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास बीबीसीवरून प्रसारित झाला. पटकथा अँथनी कोबर्न यांची, दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे आणि निर्मिती व्हेरिटी लँबर्ट यांची होती. विल्यम हार्टनेल यांनी डॉक्टरची, कॅरोल ॲन फोर्ड यांनी त्याची नात सुझन हिची, तर जॅकलिन हिल आणि विल्यम रसेल यांनी अनुक्रमे बार्बरा राइट व इयन चेस्टरटन या दोन शाळाशिक्षकांची भूमिका केली. भागाची लांबी सुमारे २३ मिनिटे असून तो कृष्णधवल आहे.

हाच भाग चार भागांच्या एका कथेचा आरंभही आहे. पुढील तीन भागांत ही चार पात्रे अश्मयुगातील एका टोळीच्या तावडीत सापडतात. त्या काळी पडद्यावर संपूर्ण कथेचे नाव येत नसे, प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव असे. त्यामुळे चारही भागांच्या कथेला कधी ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’, कधी ‘१००,००० बीसी’, तर कधी ‘द ट्राइब ऑफ गम’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या भागाचा विचार केला आहे. त्याचे एक कारण असे, की हा भाग दोनदा चित्रित झाला आणि त्याची दोन्ही रूपे आज उपलब्ध आहेत. एका दीर्घायुषी मालिकेचा स्वभाव नेमका कोणत्या बदलांमुळे ठरला, हे त्यांच्या तुलनेतून प्रत्यक्ष पाहता येते. अशी सोय दूरचित्रवाणीच्या इतिहासात फार थोड्या कार्यक्रमांच्या बाबतीत आहे.

कथानक

धुक्याने भरलेल्या रात्री एक पोलीस शिपाई भंगाराच्या वखारीवरून गस्त घालत पुढे जातो. त्याच्यामागे वखारीचे फाटक आपोआप उघडते. मोडक्या सामानातून कॅमेरा सरकत जातो आणि एका पोलीस बॉक्ससमोर थांबतो. त्यातून बारीक गुणगुण ऐकू येत असते.

यानंतर दृश्य कोल हिल या लंडनमधील शाळेत येते. इतिहास शिकवणाऱ्या बार्बराला आपल्या सुझन फोरमन या पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीची चिंता वाटत आहे. सुझन काही विषयांत शिक्षकांनाही मागे टाकते, पण अगदी साध्या गोष्टी तिला ठाऊक नसतात. तिच्या घरचा पत्ता म्हणून नोंदवलेल्या ७६, टॉटर्स लेन येथे बार्बरा जाऊन आली आहे. तेथे घर नाही, केवळ वखार आहे. विज्ञानशिक्षक इयनचा अनुभवही असाच आहे. दोघे त्याच्या मोटारीत बसून वखारीबाहेर सुझनची वाट पाहतात आणि बोलता बोलता वर्गातील प्रसंग आठवू लागतात. सुझन वखारीत शिरते. तिच्या पाठोपाठ दोघे आत जातात, पण ती दिसत नाही. पोलीस बॉक्सला हात लावताच तो जिवंत असल्यासारखा थरथरताना जाणवतो.

तेवढ्यात खोकत खोकत एक वृद्ध येतो आणि बॉक्सचे कुलूप उघडतो. आतून सुझनचा आवाज ऐकू येतो. वृद्ध मात्र आत कोणी असल्याचे साफ नाकारतो, विषय बदलतो आणि शिक्षकांनाच उलट प्रश्न विचारतो. मुलीला डांबून ठेवले असावे या शंकेने दोघे त्याला बाजूला सारून आत घुसतात आणि एका विस्तीर्ण, झगझगीत दालनात येऊन उभे राहतात. बाहेरून जेमतेम एका माणसाला पुरेल अशा पेटीत हे दालन मावलेले असते. हे टार्डिस नावाचे यान अवकाशात व काळात कोठेही जाऊ शकते. वृद्ध आणि सुझन हे आजोबा-नात आपल्या ग्रहापासून तुटलेले निर्वासित आहेत.

शिक्षकांना सोडले तर आपले रहस्य फुटेल, अशी वृद्धाला भीती वाटते. त्यांना सोडावे यासाठी सुझन विनवणी करते आणि त्यांना कोंडणार असाल तर मी पृथ्वीवरच राहीन, असे सांगते. तो दार उघडण्याचा आव आणतो आणि यान सुरू करतो. शेवटच्या दृश्यात पोलीस बॉक्स एका उजाड माळावर तिरका उभा असतो आणि त्याच्या दिशेने एका माणसाची सावली पुढे सरकते.

पार्श्वभूमी

१९६२ साली बीबीसीने विज्ञानकथा दूरचित्रवाणीसाठी कितपत उपयुक्त आहेत, याचा अंतर्गत अभ्यास करवून घेतला होता. त्याआधीच्या वर्षी बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका गाजली होती. तिच्या लेखकांपैकी एक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. पुढे मराठी विज्ञानकथेला नवे वळण देणारे जयंत नारळीकर त्या काळात केंब्रिजमध्ये हॉइल यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते.

सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे. १९६२च्या अखेरीस ते बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. शनिवारी दुपारचा ‘ग्रँडस्टँड’ हा क्रीडाविषयक कार्यक्रम आणि तरुणांसाठीचा ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ हा संगीत कार्यक्रम यांच्यामधील वेळेत प्रेक्षक टिकवून धरील अशी कौटुंबिक मालिका त्यांना हवी होती. कालप्रवासामुळे इतिहास शिकवता येईल, अवकाशप्रवासामुळे विज्ञान, असा त्यामागे विचार होता. इयन आणि बार्बरा यांचे विषय विज्ञान आणि इतिहास असण्याचे मूळ या योजनेत आहे. बटबटीत डोळ्यांचे राक्षस मालिकेत नकोत, अशी न्यूमन यांची ताकीद होती. ती महिनाभरही टिकली नाही, हे पुढे येईलच.

निर्मितीची धुरा न्यूमन यांनी व्हेरिटी लँबर्ट यांच्याकडे सोपवली. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या आणि बीबीसीच्या नाट्यविभागात एकही स्त्री निर्माती नव्हती. दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म १९३८ मध्ये लखनौत झाला. ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या आई. ते लहानपणीच इंग्लंडमध्ये आले आणि केंब्रिजमध्ये शिकले. पहिला भाग चित्रित झाला तेव्हा त्यांना पंचविसावे वर्ष पुरे व्हायचे होते. पटकथालेखक कोबर्न आणि शीर्षकसंगीताचे रचनाकार रॉन ग्रेनर हे दोघेही ऑस्ट्रेलियाचे. ज्या कथेत एक परकी मुलगी ब्रिटिश शाळेत रुळण्याचा प्रयत्न करते, ती उभी करणाऱ्यांपैकी इतके जण स्वतः त्या व्यवस्थेत कोणत्या ना कोणत्या अर्थाने बाहेरचे होते. हा योगायोग असेल, पण सुझनकडे पाहण्याच्या भागाच्या दृष्टीत जी सहानुभूती आहे, ती लक्षात घेता तो नोंदवण्याजोगा आहे.

मालिकेची पहिली कथा मुळात वेगळी ठरली होती. सी. ई. वेबर यांच्या त्या कथेत पात्रे अतिशय लहान आकाराची होत. ती बाजूला पडली आणि कोबर्न यांची अश्मयुगाची कथा पुढे आणण्यात आली. मात्र आरंभीच्या भागासाठी वेबर यांच्या मसुद्यातील बराच आधार घेतला गेला. यानाला पोलीस बॉक्सचे रूप देण्याची कल्पना कोबर्न यांची मानली जाते. सुझनला डॉक्टरची नात करणे हीदेखील त्यांचीच सूचना. एका वृद्धाने नात्यात नसलेल्या किशोरवयीन मुलीबरोबर एकट्याने प्रवास करणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते.

पोलीस बॉक्स म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील शहरांत रस्त्याकडेला निळ्या रंगाच्या अशा लहान खोल्या असत. त्यांत पोलीस ठाण्याशी जोडलेला दूरध्वनी असे आणि नागरिकांनाही तो बाहेरून वापरता येई. १९६३ साली ती रोजच्या पाहण्यातली, दखलही न घेण्याजोगी वस्तू होती. भागाचा परिणाम बराचसा या ओळखीच्या सामान्यपणावर अवलंबून होता. पोलिसांजवळ बिनतारी यंत्रे आल्यावर हे बॉक्स रस्त्यांवरून हळूहळू नाहीसे झाले, आणि आता ही निळी पेटी पाहिली की लोकांना पोलिसांऐवजी डॉक्टरच आठवतो.

दोन चित्रणे

भागाचे पहिले चित्रण २७ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत झाले. हा स्टुडिओ जुना, अपुरा आणि उकाड्याचा होता. चुंबकीय फितीवरील चित्रणाची काटछाट तेव्हा खर्चिक आणि किचकट असल्याने बहुतेक प्रसंग रंगमंचावरील नाटकाप्रमाणे सलग करावे लागत. मध्येच काही बिघडले, तर बराचसा भाग पुन्हा करणे भाग पडे. त्या दिवशी बरेच काही बिघडले. यानाची दारे नीट मिटेनात, त्यांचा आवाज संवादांवर येऊ लागला, कॅमेऱ्यांच्या हालचाली अडखळल्या.

न्यूमन यांनी हे चित्रण पाहिले आणि नापसंत केले. लँबर्ट व हुसेन यांना त्यांनी कठोर शब्दांत दोष सांगितले, पण दोघांनाही दूर न करता संपूर्ण भाग नव्याने चित्रित करण्याची संधी दिली. तंगीत चाललेल्या नव्या मालिकेच्या दृष्टीने हा निर्णय महागडा होता. दुसरे चित्रण १८ ऑक्टोबर रोजी झाले आणि प्रसारित झाले ते हेच. पहिले चित्रण मात्र नष्ट झाले नाही. ते बीबीसीच्या संग्रहात राहिले आणि २६ ऑगस्ट १९९१ रोजी प्रथमच दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आले.

दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली, तर तांत्रिक चुका हा त्यांच्यातील सर्वांत कमी महत्त्वाचा फरक ठरतो. खरा फरक डॉक्टरच्या स्वभावात आहे. पहिल्या चित्रणातील डॉक्टर तुसडा, उद्धट आणि जवळजवळ क्रूर आहे. शिक्षकांविषयीचा त्याचा तिरस्कार उघड आहे आणि त्यात विनोदाचा ओलावा नाही. दुसऱ्या चित्रणात संवाद बहुतांशी तेच आहेत, परंतु हार्टनेल यांनी त्यांचा सूर बदलला आहे. हा डॉक्टर प्रश्न टाळताना एखादी जुनी चित्रचौकट उचलून तिच्यावरच्या धुळीविषयी बोलू लागतो, स्वतःशीच हसतो आणि शिक्षकांच्या गोंधळाची गंमत पाहतो. तो लबाड आहे, धोकादायकही आहे, पण पुढच्या शनिवारी त्याला पुन्हा पाहावेसे वाटेल असा आहे. वेषही बदलला. पहिल्या वेळचा साधा कोट-टाय जाऊन विसाव्या शतकाच्या आरंभीच्या थाटाचा लांब कोट, गळपट्टा आणि लोकरी टोपी आली. त्यामुळे हा माणूस नेमक्या कोणत्या काळातला, याचा अंदाज वेषावरून बांधता येईनासा झाला.

सुझनमध्येही असाच बदल झाला. पहिल्या रूपात ती अधिक थंड आणि विचित्र आहे. एकटी असताना ती कागदावर शाईचा डाग पाडते आणि त्यावर रेषा ओढत बसते. दुसऱ्या रूपात ती फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक चाळते आणि त्यातील एका तपशिलापाशी थबकून, हे असे नव्हतेच, असे उद्गारते. शाईच्या डागातून ती केवळ विक्षिप्त ठरत होती. पुस्तकाच्या प्रसंगातून मात्र तिचे सारे गूढ एका वाक्यात उभे राहते, आणि तेही बार्बराच्या विषयाचा धागा धरून. पहिल्या रूपात सुझन आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकात झाल्याचे सांगते. दुसऱ्या रूपात तो आकडा गाळून ती केवळ दुसऱ्या काळाचा आणि दुसऱ्या जगाचा उल्लेख करते. एवढ्या लहान बदलाने पुढील लेखकांना मोठी मोकळीक मिळाली. एकोणपन्नासाव्या शतकातील मुलगी म्हटली की ती भविष्यातील मानव ठरण्याची शक्यता वाढते, दुसऱ्या जगातील म्हटली की सर्व वाटा खुल्या राहतात. डॉक्टरच्या ग्रहाची आणि त्याच्या लोकांची माहिती मालिकेने पुढे कित्येक वर्षे राखून ठेवली, ती याच मोकळिकीच्या बळावर.

दिग्दर्शन व ध्वनी

मोटारीतील संभाषण आणि वर्गातील आठवणी यांची सांधेजोड हा हुसेन यांच्या दिग्दर्शनाचा विशेष मानावा लागेल. आठवणींच्या प्रसंगांत कॅमेरा सुझनवर असतो आणि शिक्षकांचे केवळ आवाज ऐकू येतात. सलग चित्रणात कलाकारांना एका सेटवरून दुसरीकडे धावावे लागू नये, हा व्यावहारिक फायदा त्यात होताच. परिणाम मात्र त्याहून मोठा झाला. प्रेक्षक आपोआप शिक्षकाच्या जागी उभा राहतो आणि एका घाबरलेल्या, हट्टी मुलीकडे पाहू लागतो.

यानात प्रवेश करण्याचा क्षण हा भागाचा कणा आहे. त्यापूर्वीची सुमारे बारा मिनिटे पडद्यावर अंधार, धुके, अडगळ आणि कुजबुज आहे. बार्बरा दारातून आत कोसळते आणि एकाएकी सर्वत्र पांढरा प्रकाश पसरतो. हे दालन पीटर ब्राकाकी यांनी आखले होते. वर्तुळाकार नक्षीच्या भिंती आणि मध्यभागी षट्कोनी नियंत्रणमंच ही त्यांची रचना पुढे अनेक वेळा बदलली गेली, पण मूळ कल्पना टिकून राहिली.

दालन बाहेरच्यापेक्षा आत मोठे कसे, याचे डॉक्टर देतो ते स्पष्टीकरण विशेष आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एखादी प्रचंड इमारत दाखवली, तर ती बैठकीच्या खोलीत मावतेच की, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण नव्हे, नुसती उपमा. परंतु १९६३ सालच्या प्रेक्षकाच्या घरातील सर्वांत नवलाची पेटी कोणती, हे लेखकाने अचूक ओळखले होते.

शीर्षकाच्या वेळी पडद्यावर वाहणाऱ्या प्रकाशाच्या लहरी बर्नार्ड लॉज यांनी सिद्ध केल्या. ध्वनिक्षेपकासमोर माईक नेला की जशी शिटी वाजते, त्याच तत्त्वावर कॅमेरा स्वतःच्याच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे वळवला की प्रतिमा स्वतःवरच आदळत राहतात आणि असे आकार तयार होतात. ग्रेनर यांनी लिहिलेली शीर्षकधून बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डिलिया डर्बिशर यांनी प्रत्यक्षात आणली. सिंथेसायझर सर्वत्र मिळू लागण्यापूर्वीचा तो काळ. वेगवेगळे स्वर फितीवर मुद्रित करून, त्यांचा वेग बदलून, फितीचे तुकडे हाताने कापून व जोडून ही धून बांधली गेली. वर्कशॉपमधील व्यक्तींची नावे न देण्याचा तेव्हा प्रघात असल्याने डर्बिशर यांचे नाव श्रेयनामावलीत आले नाही. यानाचा घरघरणारा, धापा टाकल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसन यांनी निर्माण केला. पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून मुद्रित केलेला ध्वनी हा त्याचा आधार. हा आवाज आजही मालिकेत वापरला जातो.

विज्ञान आणि शाळा

मालिकेकडून विज्ञानशिक्षणाची अपेक्षा होती, म्हणून या भागातील विज्ञान तपासणे अप्रस्तुत ठरणार नाही. इयन वर्गात तीन मितींचे एक उदाहरण घालतो. सुझन ते सोडवायला नकार देते आणि आणखी दोन मिती घ्याव्या लागतील, असे सांगते. चौथी मिती काल, हे तिचे म्हणणे सापेक्षतेच्या सिद्धांताशी सुसंगत आहे. पाचवी मिती म्हणून ती ‘अवकाश’ असे उत्तर देते, तेव्हा मात्र घोटाळा होतो, कारण लांबी, रुंदी व उंची या पहिल्या तीन मिती अवकाशाच्याच असतात. हे वाक्य शास्त्रीय विधान म्हणून टिकत नाही. सुझनला वर्गात समजून घेणारे कोणी नाही, हे दाखवण्यापुरतेच ते उपयोगी पडते.

याहून अधिक नेमका आहे तो चलनाचा प्रसंग. एका पौंडात किती शिलिंग, हे सुझनला सांगता येत नाही. दशमान पद्धती अजून सुरू झालेली नाही हे आपण विसरलो, असे ती म्हणते आणि वर्ग हसतो. तेव्हा एका पौंडाचे २० शिलिंग आणि २४० पेनी होत. दशमान चलनाची चर्चा ब्रिटनमध्ये सुरू झाली होती, पण ते प्रत्यक्षात आले १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. विज्ञानकथेतील भाकिते खरी ठरल्याची जी उदाहरणे दिली जातात, त्यांत इतके घरगुती उदाहरण क्वचितच आढळेल. भारतात रुपया, आणे, पैची पद्धत मोडून १ एप्रिल १९५७ पासूनच नवे पैसे आले होते. म्हणजे या बाबतीत सुझनला लंडनपेक्षा मुंबईच्या शाळेत कमी अडचण आली असती.

शाळेचे चित्रण हा भागाचा सर्वांत टिकाऊ गुण आहे. इयन आणि बार्बरा हे साहसासाठी निघालेले नायक नाहीत. एका मुलीचा गृहपाठ एकाएकी बिघडला, तिच्या घरी काही ठीक नसावे, या काळजीने ते शाळा सुटल्यावर स्वतःचा वेळ खर्च करतात. आपण दुसऱ्याच्या खासगी बाबतीत नाक खुपसत आहोत की काय, असा संकोचही बार्बराला वाटतो. एखाद्या संध्याकाळी कोणत्याही शिक्षकाने केले असते तेच ते करतात आणि त्यापायी आपल्या काळातून उखडले जातात. पुढच्या तीन भागांत कथेतील नैतिक बाजू हीच दोघे सांभाळतात. तिसऱ्या भागात जखमी टोळीवाल्यामुळे पळून जाणे अवघड होते, तेव्हा डॉक्टर एक दगड उचलतो. त्याचा हात धरणारा इयन असतो. दुर्बळांचा कैवारी ही डॉक्टरची आजची ओळख आरंभी नव्हती. ती त्याला या दोन शिक्षकांच्या सहवासात मिळाली, असे मानण्यास या कथेत भरपूर आधार आहे.

प्रसारण व प्रतिसाद

प्रसारणाच्या आदल्या दिवशी, २२ नोव्हेंबर रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची डॅलस येथे हत्या झाली. त्या बातमीने प्रेक्षकांचे मन व्यापले होते. भाग नियोजित वेळेनंतर सुमारे ८० सेकंदांनी सुरू झाला. ब्रिटनच्या काही भागांत त्या सायंकाळी वीजपुरवठाही खंडित झाला होता. पहिल्या प्रसारणाला सुमारे ४४ लाख प्रेक्षक लाभले. अनेकांचा भाग हुकल्याने बीबीसीने ३० नोव्हेंबर रोजी दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवला आणि या वेळी प्रेक्षकसंख्या ६० लाखांच्या घरात गेली.

समकालीन समीक्षकांची मते संमिश्र होती. ‘व्हरायटी’ या अमेरिकी पत्राला पात्रचित्रण उथळ वाटले, पण छायाचित्रण परिणामकारक वाटले. ‘टेलिव्हिजन टुडे’ने आरंभीच्या दोन भागांचा दर्जा टिकल्यास मालिकेचा प्रेक्षकवर्ग वाढेल असे मत दिले. ‘द गार्डियन’च्या मेरी क्रोझियर यांना मात्र सुरुवातीनंतर लगेचच घसरण झाल्याचे जाणवले. हा आक्षेप निराधार नाही. दुसऱ्या भागापासून कथा आग पेटवण्याचे रहस्य कोणाकडे, या टोळीतील सत्तासंघर्षात अडकते. केसाळ कातडी पांघरलेले, गुरगुरत्या स्वरात बोलणारे कलाकार पाहताना पहिल्या भागातील तणाव हरवतो. खुद्द हुसेन यांनाही अश्मयुगीन भागांची पटकथा फारशी रुचली नव्हती. तरीही त्या भागांत दोन गोष्टी घडतात, ज्यांवाचून मालिकेची कल्पना करता येत नाही. इयन वृद्धाला ‘डॉक्टर फोरमन’ अशी हाक मारतो, तेव्हा तो ‘डॉक्टर कोण?’ असे पुटपुटतो आणि मालिकेच्या नावातील प्रश्नाला तोंड फुटते. यान अश्मयुगातही पोलीस बॉक्सच्याच रूपात राहिलेले पाहून तो अस्वस्थ होतो. परिसराप्रमाणे रूप बदलण्याची त्याची क्षमता बिघडलेली असते. प्रत्येक कथेसाठी नवा बॉक्स बांधणे परवडणारे नव्हते, या अडचणीला दिलेले हे कथारूप होते.

मालिकेला खरे यश मिळवून दिले ते २१ डिसेंबर १९६३ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या कथेने. टेरी नेशन यांच्या त्या कथेत डॅलेक हे यंत्रवत शत्रू प्रथम अवतरले आणि तिच्या अखेरीस प्रेक्षकसंख्या एक कोटीवर गेली. न्यूमन यांना डॅलेक अजिबात आवडले नव्हते.

उत्तरकाल

हुसेन यांनी १९६४ मध्ये याच मालिकेतील ‘मार्को पोलो’ या सात भागांच्या कथेतील सहा भाग दिग्दर्शित केले. १९६५ मध्ये त्यांनी बीबीसीसाठी ‘अ पॅसेज टू इंडिया’चे दूरचित्रवाणी रूपांतर केले. १९९७ सालचा ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा मुंबईतील पारशी कुटुंबावरील चित्रपटही त्यांचाच. मालिकेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त नोव्हेंबर २०१३ मध्ये बीबीसीने ‘ॲन ॲडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम’ हे नाट्य प्रसारित केले. पहिल्या भागाच्या निर्मितीची हकिकत त्यात आहे. हुसेन यांची भूमिका सच्चा धवन यांनी, तर लँबर्ट यांची जेसिका रेन यांनी केली. त्याच महिन्यातील ‘द डे ऑफ द डॉक्टर’ या विशेष भागाची सुरुवात गस्तीवरचा पोलीस आणि कोल हिल शाळा यांच्या दृश्याने होते.

मूळ चुंबकीय फिती पुसून पुन्हा वापरण्याची बीबीसीमध्ये त्या काळी पद्धत होती. पहिल्या भागाच्या फितीचेही तेच झाले. परदेशी विक्रीसाठी पडद्यावरून १६ मिलिमीटर फिल्मवर उतरवलेल्या प्रतींमुळे या कथेचे चारही भाग वाचले. ‘मार्को पोलो’च्या वाट्याला हे भाग्य आले नाही. त्याचे सातही भाग हरवले असून केवळ ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे शिल्लक आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने मालिकेचा जुना संग्रह आपल्या आयप्लेयर या सेवेवर खुला केला, तेव्हा ‘ॲन अनअर्थली चाइल्ड’ ही कथा त्यात नव्हती. कोबर्न यांच्या पटकथेचे हक्क त्यांच्या वारसांकडे आहेत आणि त्यांबाबत सहमती होऊ शकली नव्हती. त्यामुळे संग्रह दुसऱ्या कथेपासून, म्हणजे डॅलेकपासून सुरू झाला.